मालक एक शोधायला गेलो, वारस आठ निघाले

"शेजारची जागा बेवारस पडली आहे, मालकाचा काही पत्ता नाही." मलकापुरात असो, कराडात असो की इस्लामपूर-सांगलीच्या बाजूला, आपल्या दुकानदार बांधवांच्या तोंडी हे वाक्य हमखास असते. भिंतीला तडे गेलेले, छपरावर पिंपळ उगवलेला, आत उंदीर-घुशींचे राज्य आणि दाराला गंजलेले कुलूप. शेजाऱ्याला त्या जागेची गरज असते, निदान तिचा त्रास तरी होत असतो. तरी दहा-दहा वर्षे कोणी हालचाल करीत नाही. विचारले की उत्तर तयार: मालक सापडत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की शंभरातल्या नव्वद ठिकाणी मालक सापडत नाही असे नसते, त्याला शोधलेलेच नसते. हे मी दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. मीही त्यातलाच होतो.

मलकापूर हे कराडला लागूनच, पुणे-बंगळूर महामार्गाच्या दोन्ही अंगांना वाढलेले गाव. इथे आमचा गाद्यांचा पिढीजात धंदा. वैद्यकीय कॉलेज आणि रुग्णालयामुळे परगावची मुले खोल्या घेऊन राहतात, त्यामुळे जुलै-ऑगस्ट हा गाद्यांचा मोठा हंगाम. आमच्या कारखान्याला लागून एक जुने घर आहे. पांढऱ्या मातीच्या भिंती, पुढे ओसरी. 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपानंतर त्याची एकदा डागडुजी झाली होती असे आमचे वडील सांगत. घराचे मालक गिरणीत कामाला मुंबईला गेले, शेवटचा भाडेकरू 1998 साली सोडून गेला आणि त्यानंतर दार उघडलेच नाही.

2017 साली सामाईक भिंत फुगली. मी दोन बांबूंचे टेकू लावले आणि अल्ला मालिक म्हणून धंद्याला लागलो. 2019 च्या ऑगस्टमध्ये जो पाऊस झाला, ज्यात कराडपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठ बुडाला, त्या पावसात पुराचे पाणी आमच्यापर्यंत आले नाही, पण ती भिंत आमच्या गोदामात आली. कॉलेजच्या मुलांसाठी भरून ठेवलेल्या चाळीस गाद्या चिखलात गेल्या. भिजलेला कापूस वाळवून पुन्हा पिंजता येतो, पण मातीत कालवलेल्या कापसाचे काहीच होत नाही. सुमारे साठ हजारांचे नुकसान. बांबूच्या टेकूंना खर्च आला होता दोनशे चाळीस रुपये.

तेव्हा कुठे मी तक्रार अर्ज दिला. धोकादायक बांधकामाची नोटीस निघाली आणि नियमाप्रमाणे त्या घराच्या दारावर चिकटवली गेली. ज्या दाराशी वीस वर्षांत कोणी फिरकले नाही त्या दारावर! ती नोटीस वाचणारा मी एकटाच होतो.

आता शोध कसा घ्यायचा ते सांगतो, कारण इथेच बहुतेक जण हात टेकतात. कागद आधी. जागेची सिटी सर्व्हे झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात प्रॉपर्टी कार्ड मिळते. शेतजमिनीचा सातबारा असतो, तसे गावठाणातल्या घराचे हे कार्ड. सिटी सर्व्हे नसेल तर घरपट्टीचा उतारा. मलकापूर आधी ग्रामपंचायत होते, मग नगरपंचायत झाले, आता नगरपरिषद आहे. म्हणून जुने नाव पाहायचे तर ग्रामपंचायतीच्या काळचा नमुना नंबर 8 मागावा लागतो. नव्या उताऱ्यावर कधी कधी फक्त भोगवटादाराचे नाव असते, म्हणजे जो राहत होता त्याचे. त्याला मालक समजून चालू नये. त्यानंतर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सर्च घ्यायचा. जागेची खरेदी, गहाण, बक्षीसपत्र असे काही नोंदले असेल तर सूची क्रमांक 2 मध्ये ते दिसते. अलीकडच्या वर्षांचे संगणकावर घरबसल्या पाहता येते, त्यापूर्वीचे वकिलामार्फत रजिस्टर उलटून. वकील साधारण तीस वर्षांचा सर्च घेतात. ही फी वाचवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी पुढे कोर्टात किती भरले तेही पाहिले आहे.

आमच्या शेजारच्या घराच्या कागदावर नाव निघाले ते त्या गिरणी कामगाराचे. ते हयात असते तर नव्वदीच्या पुढे असते. पत्ता नाही. इथे सरकारी कागद संपतो आणि आपला समाज कामाला येतो. कब्रस्तानच्या रजिस्टरात त्यांचे नाव नव्हते, म्हणजे दफन गावात झाले नाही. पण जमातीच्या जुन्या पावती पुस्तकात 1980 च्या सुमाराची त्यांच्या देणगीची पावती सापडली, त्यावर मदनपुऱ्यातल्या एका चाळीचे नाव होते. गावच्या एका म्हाताऱ्या खालाकडे त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका अजून ट्रंकेत होती. मी मुंबईला माल घ्यायला गेलो तेव्हा त्या चाळीत जाऊन आलो. चाळ होती, माणसे बदललेली. तळमजल्यावरच्या शिंप्याने सांगितले, 1982 च्या संपात गिरणी सुटली, चाचा बेकार झाले, पुढे वारले. 1993 नंतर सारे कुटुंब मुंब्र्याला गेले. त्या वर्षी मुंबईच्या कितीतरी मोहल्ल्यांतून माणसे मुंब्र्याला गेली. आपल्या पिढीला हे सांगायला नको.

सांगायचा मुद्दा हा की लाइट बिलावरचे नाव, शाळेचा दाखला, रेशन दुकानदार, उरुसाला येणारे पाहुणे, बकरी ईदला गावात कोण कोण येते याची बायकांना असलेली खडान्खडा माहिती, यांतला एखादा धागा लागतोच. माझ्या बाबतीत पत्रिका जपून ठेवणाऱ्या खालाने जे काम केले ते तीन कचेऱ्यांनी मिळून झाले नसते.

आणि एवढे करून मी काय केले? घोडचूक. स्वतः मुंब्र्याला जायच्या ऐवजी एका एजंटाला पाठवले. म्हटले, व्यवहार आहे, व्यवहारी माणूस जाऊ दे. त्याने जाऊन सांगितले की घर पडायला आले आहे, नगरपरिषद कधीही पाडेल, आलेले पैसे घेऊन मोकळे व्हा, आणि बाजाराच्या निम्मा दर बोलला. परिणाम काय, तर पंधरा दिवसांत थोरला भाऊ गावात आला, जुन्या कुलपावर नवे कुलूप लावून गेला आणि माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्याचे चुकले नाही. वीस वर्षे ज्याने चौकशी केली नाही तो शेजारी अचानक एजंट पाठवतो, याचा अर्थ कोणीही तोच काढील. त्यातच महामार्गाच्या सहापदरीकरणाच्या बातम्या येत होत्या, म्हणजे शंकेला आणखी जागा.

मग लॉकडाऊन आला. 2020 चे अर्धे वर्ष सर्वांचेच बुडाले. 2021 च्या सुरुवातीला मी स्वतः गेलो. सोबत बायकोला नेले, ते फार बरे झाले. किमतीचा शब्द काढायचा नाही असे ठरवूनच गेलो होतो. घेऊन गेलो ते भिंतीचे फोटो, आणि गावच्या खालाचा सलाम. पहिले म्हटले, "भाईजान, मागे माणूस पाठवला ही माझी चूक झाली, माफ करा." नंतर भिंतीचे सांगितले. भिंत दोघांची आहे, पावसाळ्याच्या आत बांधली पाहिजे, खर्च मी करतो, तुमची लेखी परवानगी द्या, हिशेब पुढे बघू. चहा झाला. थोरल्या भावाने फोटो दोन-तीनदा पाहिले आणि विचारले, "ओसरीवरचा लाकडी खांब आहे का अजून?" आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. लहानपणी त्या खांबाला तो झोका बांधत असे. परवानगीच्या कागदावर त्याने त्याच दिवशी सही केली.

विक्रीचा विषय त्यांनीच काढला, तीन महिन्यांनी. आणि तेव्हा कळले की खरा प्रश्न आता सुरू होतो.

चाचा वारले तेव्हा मागे पत्नी, तीन मुलगे, दोन मुली. शरियतप्रमाणे पत्नीला आठवा हिस्सा, बाकीच्यात मुलाला दोन भाग आणि मुलीला एक. पुढे आईही वारली, तिचा हिस्सा मुलांत त्याच प्रमाणात गेला. म्हणजे प्रत्येक भावाचा चार आणे, प्रत्येक बहिणीचा दोन आणे. पैकी मधला भाऊ नंतर वारला. त्याची पत्नी, एक सज्ञान मुलगी आणि दोन अज्ञान मुले. मोजा: थोरला, धाकटा, दोन बहिणी, भावाची बेवा, तिची तीन मुले. आठ जण. कागदावर नाव मात्र एकाच मयत माणसाचे.

आपल्याकडे एक गैरसमज फार घट्ट आहे की थोरल्या भावाने सही केली म्हणजे घराने सही केली. आपल्या कायद्यात एकत्र कुटुंबाचा कर्ता ही गोष्टच नाही. माणूस डोळे मिटतो त्या क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा त्याच्या स्वतःच्या मालकीचा होतो. थोरला भाऊ स्वतःचे चार आणे विकू शकतो, बाकीचे बारा आणे नाही. त्याने सगळ्या घराचे खरेदीखत करून दिले तरी घेणाऱ्याला चार आण्यांपुरताच हक्क मिळतो. बाकीचे सात जण उद्या दारात उभे राहिले तर बोलायला तोंड राहत नाही.

बहिणींचे तर काय सांगावे! फेरफार करताना भावांची नावे लागतात आणि बहिणींची "राहून" जातात. भाऊ सांगतात, लग्नात दिले तेवढे दिले, त्यांनी हक्क सोडला आहे. कधी सोडला? बाप हयात असतानाच. बाप जिवंत असताना मुलीचा हिस्सा जन्मालाच आलेला नसतो, तो सोडणार कसा? असा हक्कसोड कायद्याने टिकत नाही. बापानंतर, समजून-उमजून, नोंदणीकृत दस्ताने सोडला तर वेगळे. आणि फेरफाराची नोंद ही महसुली कामापुरती असते, तिने मालकी ठरत नाही, हे न्यायालयांनी कितीदा सांगितले आहे. घेणाऱ्या व्यापाऱ्याने बहिणीचे नाव विचारले नाही तर भावाच्या अन्यायात त्याचा वाटा झाला, आणि धोका मात्र सगळा त्याचा एकट्याचा.

अज्ञान मुलांचा विषय याहून नाजूक. मधल्या भावाची बेवा म्हणाली, "भाईजान, मी मुलांची आई, मी सही देते." सहज वाटावे असेच आहे. पण मुस्लिम कायद्यात मुलांच्या मिळकतीची पालक आई नसते. बाप, त्याने मृत्युपत्राने नेमलेला माणूस, आजोबा, आजोबांनी तसाच नेमलेला माणूस, हेच कायदेशीर पालक. हे कोणी नसतील तर आईने किंवा चुलत्याने केलेली अज्ञानाच्या स्थावर मिळकतीची विक्री मुळातच रद्द ठरते. प्रिव्ही कौन्सिलने 1918 साली इमामबांदीच्या खटल्यात हे ठरवून ठेवले आहे आणि शंभर वर्षे होऊनही आपले लोक आईच्या सहीवर पैसे मोजतात. रस्ता एकच: 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज, न्यायालयाने पालक नेमणे आणि विक्रीला परवानगी. आम्हाला चौदा महिने लागले. न्यायालयाने मुलांच्या हिश्श्याची रक्कम त्यांच्या नावे बँकेत मुदतठेवीत ठेवायला लावली. मला त्या चौदा महिन्यांचा वैताग आला, हे कबूल करतो. पण त्या पोरांचा बाप नाही, त्यांच्यासाठी तेवढा कागद लागलाच पाहिजे.

धाकटा भाऊ दम्मामला. त्याने भारतीय दूतावासासमोर मुखत्यारपत्र करून पाठवले. असे मुखत्यारपत्र इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्यावा लागतो, ही तारीख हुकवू नका. आणखी एक. मुखत्यारपत्र म्हणजे खरेदीखत नव्हे. कुलमुखत्यारपत्र, विक्रीचा करार आणि ताबा एवढ्यावर "घर घेतले" म्हणणारे अजून भेटतात. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केले की अशाने मालकी येत नाही, नोंदणीकृत खरेदीखतच लागते.

वारसांना एक प्रश्न जरूर विचारा, मी वकिलाच्या सांगण्यावरून विचारला: चाचांनी कोणाला हिबा केला होता का? कारण आपल्यात हिबा तोंडी झाला तरी चालतो. देणाऱ्याने जाहीर केले, घेणाऱ्याने कबूल केले आणि ताबा दिला की झाले. साध्या कागदावर लिहिलेला, नोंदणी न केलेला हिबाही 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला आहे. म्हणजे कार्डावर दिसणारा मालक मरण्यापूर्वीच मालक राहिलेला नसेल, असेही होऊ शकते. म्हणून वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्यात. त्याआधी जागा वक्फची नाही ना हेही पाहावे. वक्फची जागा मुतवल्लीने विकली तरी ती विकली जात नाही. आणि मालक फाळणीनंतर पाकिस्तानात गेला असेल तर प्रकरण शत्रू संपत्तीच्या कस्टोडियनकडे जाते. 2017 च्या दुरुस्तीनंतर तिथे वारसांना काही उरलेले नाही. अशा जागेच्या वाटेला जाऊ नये.

मला दोन सल्ले फार मिळाले. पहिला शुफ्याचा: "अरे, शेजाऱ्याला पहिला हक्क आहे, तू दावा लाव." हनफी फिक्हमध्ये लगतच्या शेजाऱ्याला शुफा आहे, खरे आहे. पण केवळ शेजारी असल्याच्या जोरावरचा शुफा 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने घटनेशी विसंगत ठरवला आहे. कोर्टात तो चालत नाही. मालकाने आपणहून शेजाऱ्याला आधी विचारावे ही शेजारधर्माची गोष्ट, ती दाव्याने मिळत नाही. दुसरा सल्ला जास्त लोकांनी दिला: "वीस वर्षे कोणी आले नाही, बारा वर्षांनी जागा आपोआप आपली होते, मागून भिंत फोड आणि वापरायला लाग." बारा वर्षांचा नियम 1963 च्या मुदतीच्या कायद्यात आहे. पण मालक आला नाही एवढ्याने तो लागू होत नाही. आपला ताबा उघड, अखंड आणि मालकाच्या हक्काविरुद्ध असावा लागतो, आणि ते सारे सिद्ध करणे ताबेदाराच्या डोक्यावर. कायद्याचे सोडा. संप, दंगल आणि बेकारी यांनी ज्यांना दोनदा उठवले, त्यांच्या गावच्या घरात आपण मागच्या भिंतीतून शिरायचे, आणि तेही जुम्म्याला शेजारी म्हणून सफेत बसणाऱ्याने! माझ्याच्याने ते झाले नसते.

आता शेवट काय झाला ते सांगतो, कारण लोक विचारतात. थोरली बहीण विकायला तयार झाली नाही. मुंब्र्यात तिचे स्वतःचे म्हणावे असे काही नाही, गावात वडिलांची एक खोली असावी एवढेच तिचे म्हणणे. भावांनी तिला समजावले, मग दटावले. मला म्हणाले, तुम्ही थांबा, ती येईल ठिकाणावर. मी म्हटले, आपांना दटावून घेतलेली जागा मला नको, त्यांचा हिस्सा काढून द्या. मोजणी झाली. थोरलीने धाकट्या बहिणीचे दोन आणे विकत घेतले, दोघींचे मिळून चार आणे झाले आणि त्यात पुढची खोली व ओसरी तिच्या वाट्याला गेली. न्यायालयाच्या परवानगीसह वाटणीपत्र नोंदले आणि 2023 साली मागचे बारा आणे मी बाजारभावाने घेतले. तेव्हा कागदासाठी धावपळ करताना माझ्या स्वतःच्या कारखान्याचाही उतारा काढला. त्यावर अजून आमच्या आजोबांचे नाव होते आणि माझ्या दोन फुफींचे नाव कुठेच नव्हते. एक फुफी हयात आहेत. त्यांच्याकडे जाऊन आलो आहे, काम चालू आहे, ते इथे लिहिण्यासारखे अजून झालेले नाही.

रस्त्याकडच्या बाजूला गाद्यांची शोरूम काढायचा माझा विचार होता, तो राहिला. आपांनी पुढची खोली एका अंडी विकणाऱ्याला भाड्याने दिली आहे आणि ईदला आल्या की ओसरीवर खाट टाकून बसतात. मी माल मागच्या बोळातून नेतो.